उजेड मोजायचा, पण कुठल्या अंधारापासून?

शस्त्रक्रिया ऐन मध्यावर असताना सर्जन म्हणतो, "दिवे बंद करा." टेबलावरचा तो सावली पडू न देणारा मोठा दिवा मालवला जातो, खोलीतला उजेडही उतरवतात आणि क्षणभर सगळे काळ्या पडद्याकडे बघत राहतात. मग त्या काळ्यात एक डाग उजळतो. तिथे गाठ शिल्लक आहे, किंवा आतड्याला तिथपर्यंत रक्त पोचतंय, किंवा ती नळी पित्ताची आहे, तिला कात्री लावू नका. ज्या खोलीत लख्ख उजेडासाठी एवढा खर्च केलेला असतो, त्याच खोलीत महत्त्वाचा निर्णय काळोखात घेतला जातो.

या पद्धतीला फ्लुरोसन्सच्या मार्गदर्शनाने केलेली शस्त्रक्रिया म्हणतात. तिच्या कौतुकाचे लेख पुष्कळ येतात. मला लिहायचंय ते त्या उजळलेल्या डागाच्या खरेपणाबद्दल. पडद्यावरचं चित्र चांगलं की वाईट हे कसं ठरवायचं, आणि ते ठरवण्याचं काम संगणकावर सोपवलं तर नेमकं काय सोपवलं जातं?

आधी थोडं मूळ. बँकेत कॅशियर नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा कागदातले बारीक तंतू चमकतात. पदार्थ जास्त ऊर्जेचा प्रकाश पितो, त्यातली थोडी ऊर्जा अंगात जिरवतो आणि उरलेली कमी ऊर्जेच्या, म्हणजे लांब तरंगलांबीच्या, प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. शास्त्रीय मराठीत याला अनुस्फुरण किंवा प्रतिदीप्ती म्हणतात, ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, मात्र सगळे फ्लुरोसन्सच म्हणतात. घरी बघायचं असेल तर चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये ढवळून तशाच दिव्याखाली धरा, पिवळट हिरवी चमकेल. जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये हा प्रकार नीट उलगडून त्याचं बारसं केलं. त्याच्या प्रयोगांतला एक मुख्य पदार्थ होता मलेरियावरचं क्विनिन.

शस्त्रक्रियेत हे आलं ते १९४०च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज मूरने मेंदूतली गाठ ओळखायला फ्लुरेसीन हे रंगद्रव्य वापरून पाहिलं. आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं रंगद्रव्य म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, डॉक्टरांच्या तोंडी 'आयसीजी'. ते घडलं कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत. फोटोच्या फिल्मचा धंदा करणाऱ्या कंपनीचं रंगद्रव्य १९५९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं, आधी हृदय आणि यकृत किती काम करतात हे मोजण्यासाठी. पुढे अर्ध्या शतकाने ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर आलं, या वेळी माणसाच्या पोटात बसून.

मेंदूच्या गाठींसाठी वेगळी युक्ती आहे. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या काही तास आधी ५-एएलए नावाचं द्रव्य पाण्यातून प्यायला देतात. ते स्वतः चमकत नाही, पण ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीच्या पेशी त्यापासून जे पॉर्फिरीन बनवून साठवतात ते निळ्या उजेडात लालभडक दिसतं. वाल्टर स्टुमर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. नेहमीच्या पांढऱ्या उजेडात ३६ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली होती, लाल चमकेच्या मदतीने ६५ टक्क्यांची निघाली. मुंबईत टाटा मेमोरियलच्या मेंदू-शल्यचिकित्सकांनीही या तंत्राचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडलेला आहे.

५-एएलएचा लाल रंग डोळ्यांनी दिसतो. आयसीजीचं तसं नाही, आणि इथूनच गोष्ट गुंतत जाते. आयसीजी साधारण ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पितं आणि ८३०च्या आसपासचा सोडतं. हा पट्टा डोळ्याच्या पल्याडचा. निवडला तो चांगल्या कारणासाठी: ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या दरम्यान रक्तातलं हिमोग्लोबिन आणि शरीरातलं पाणी प्रकाश कमी शोषतात, त्यामुळे काही मिलिमीटर आतलंही दिसू शकतं, शिवाय ऊतींची स्वतःची चमकही तिथे क्षीण असते. पण माणसाच्या डोळ्यापुरतं बोलायचं तर तिथे काहीच नाही. म्हणजे पडद्यावर दिसणारा तो सुंदर हिरवा रंग खोटा आहे. कॅमेऱ्याला फक्त कमी-जास्त उजेड कळतो. त्याला हिरवा, निळा किंवा लाल-पिवळा रंग सॉफ्टवेअर चढवतं. आकड्याचं रंगात रूपांतर करताना कुठल्या आकड्यापासून हिरवं दाखवायचं हे कंपनीच्या अभियंत्याने कधीतरी ठरवून टाकलेलं असतं, आणि सर्जन त्या माणसाला ओळखतही नाही.

कॅमेऱ्याचं काम सोपं नाही हेही मान्य केलं पाहिजे. रंगद्रव्याला जागवायला टाकलेला प्रकाश हा त्यातून परत येणाऱ्या प्रकाशाच्या कित्येक हजारपट प्रबळ असतो आणि दोघांच्या तरंगलांबीत अंतर जेमतेम ३०-५० नॅनोमीटरचं. मधे फिल्टर असतो, पण चाळणी कितीही बारीक असली तरी थोडं पीठ निसटतंच. ओल्या, चकचकीत ऊतीवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश फिल्टरमधून झिरपतो आणि पडद्यावर चमक म्हणून दिसतो. छतावरच्या दिव्यांतही अवरक्त भाग असू शकतो, जुन्या हॅलोजनमध्ये तर भरपूर. कॅमेरा दुप्पट लांब नेला की उजेड झपाट्याने घटतो, तिरका धरला की एक बाजू अंधारते. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे आपोआप उजेड वाढवणारी सोय, ऑटो-गेन. मोबाइलने रात्री काढलेल्या फोटोत काळं आकाशही करडं येतं ना, तेच. समोर रंगद्रव्य पोचलेलंच नसेल तर कॅमेरा आवाज चढवत जातो आणि नुसती खरखर उजळून दाखवतो. उलट, उजेड जास्त झाला की आठ-बिटी चित्रात २५५च्या वर आकडाच नाही. गाठ आणि गाठीशेजारचं दोन्ही २५५ला टेकले की दोघांतला फरक कायमचा गेला. मागाहून कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणा, तो परत येत नाही.

आता बाजारात अशी अनेक यंत्रं आहेत. नवी रंगद्रव्यंही येताहेत. अंडाशयाच्या कर्करोगासाठी पॅफोलासियानिन २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, स्तनाच्या कर्करोगासाठी पेगुलिसियानिन २०२४ मध्ये. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये काटेकोर ठरते, पण तेच औषध बघणारं यंत्र किती चांगलं बघतं याला अशी सर्वमान्य मोजपट्टी बरीच वर्षं नव्हती. एक्स-रे, सीटी यांना ती आहे. इथे मात्र "छान दिसतंय" यावर काम चालत आलं.

मोजायला घेतलं की पहिला प्रश्न असा: उजेड मोजायचा तर कशाच्या तुलनेत? दोन मापं सगळे वापरतात. एक म्हणजे कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ आजूबाजूपेक्षा किती उठून दिसते. दुसरं सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर, म्हणजे खरा उजेड खरखरीच्या किती पट आहे. दोन्ही ऐकायला निर्विवाद वाटतात. प्रत्यक्षात आकडे घालून बघू.

समजा, चित्रात गाठीची सरासरी चमक १२० आहे. गाठीला लागून असलेल्या ऊतीत रंगद्रव्य थोडं झिरपलंय, तिथली सरासरी ६० आणि चढउतार १२. चित्राच्या कोपऱ्यात, गाठीपासून लांब, सरासरी २० आणि चढउतार ४. चित्र एकच आहे, त्यात एक बिंदूही बदललेला नाही. शेजारची ऊत 'अंधार' धरली तर गाठ दुप्पट उजळ, कोपरा धरला तर सहापट. सिग्नल-नॉइजचं बघा. काही जण गाठीच्या सरासरीला अंधाराच्या चढउताराने भागतात. काही जण आधी अंधाराची सरासरी वजा करतात, मग भागतात. दोन्ही सूत्रं प्रतिष्ठित शोधनिबंधांत सापडतात. पहिल्या सूत्राने शेजार धरला तर १०, कोपरा धरला तर ३०. दुसऱ्याने शेजार धरला तर ५, कोपरा धरला तर २५. डेसिबलमध्ये सांगायचं तर १४ पासून जवळजवळ ३० पर्यंत. एकाच चित्राला काठावर पास ते विशेष प्रावीण्य असे चारही शेरे, आणि गणित कुठेच चुकलेलं नाही.

हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण अडचण कल्पनेतली नाही. म्युनिकच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह सहा यंत्रं एकाच नमुन्यावर तपासली. त्यांना दिसलं की नुसती 'अंधारा'ची जागा आणि सूत्र बदललं तर एकाच यंत्राचा सिग्नल-नॉइजचा आकडा सुमारे ३५ डेसिबलपर्यंत हलतो. ३५ डेसिबल म्हणजे पन्नासहून अधिक पट. इतकं झाल्यावर दोन कंपन्यांच्या माहितीपत्रकांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याला अर्थ उरत नाही. एकाने फूटपट्टी जमिनीवर टेकवली होती, दुसऱ्याने टेबलावर.

तपासणीसाठी वापरतात त्या नमुन्याला फँटम म्हणतात. नावात भूत आहे, वस्तू मात्र हातात धरता येणारी ठोस वडी असते. पॉलियुरेथेनचा ठोकळा, त्यात प्रकाश विखरायला टायटॅनियम डायऑक्साइड (भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच), प्रकाश शोषायला काळं रंगद्रव्य किंवा रक्तातल्या लाल द्रव्याशी नातं असलेलं हेमिन, आणि चमकायला बहुधा क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण, कारण आयसीजी उजेडात आणि दिवसांगणिक फिकं पडतं. ठोकळ्यात वाटीसारख्या खोलगट जागा असतात: एका ओळीत चमक कमी-कमी होत जाणारी, दुसऱ्या ओळीत चमक तीच पण वरचा थर जाड-जाड होत जाणारा. एका बाजूला बारीक-बारीक होत जाणाऱ्या पट्ट्यांचा ठसा असतो. तो अमेरिकी हवाई दलाने १९५१ मध्ये ठरवलेला, विमानातल्या कॅमेऱ्यांसाठीचा. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या ३११ क्रमांकाच्या कार्यगटाने अशा फँटमवर काय-काय मोजावं याचं मार्गदर्शन आता प्रसिद्ध केलं आहे: संवेदनशीलता, खोली, रेषा वेगळ्या दिसण्याची क्षमता, उजेडाचा एकसारखेपणा, गळून येणारा प्रकाश वगैरे.

स्वयंचलित मूल्यमापनाची गरज इथे स्पष्ट होते. पूर्वी संशोधक चित्र उघडून माउसने गाठीभोवती एक गोल आणि अंधारात एक चौकोन काढायचा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस चौकोन अंगुळभर सरकवून काढायचा. आता सॉफ्टवेअर फँटमच्या कडा आणि खुणा ओळखतं, त्याचा मूळ आराखडा चित्रावर फिरवून, ताणून चपखल बसवतं आणि प्रत्येक वाटीच्या आत ठरलेल्या व्यासाचं वर्तुळ स्वतः आखतं. रोज सकाळी पहिल्या केसआधी टेबलावर फँटम ठेवायचा, बटण दाबायचं, कालच्याशी तुलना करायची. दिवा म्हातारा होतोय, फिल्टरवर ओरखडा आलाय, लेन्सला धुक्याचा थर बसलाय हे रुग्ण टेबलावर येण्याआधी कळू शकतं. हे खरोखर मोलाचं आहे. यंत्राला कंटाळा येत नाही आणि आपल्या आवडत्या कॅमेऱ्याला दोन गुण जास्त द्यायचा मोहही होत नाही.

पण चौकोन कुठे काढायचा हा निर्णय नाहीसा झालेला नसतो. तो फक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या टेबलावर सरकलेला असतो, आणि तिथे एकदाच घेतला गेल्याने हजारो मोजण्यांत मुकाट शिरतो. माणसाच्या हातची चूक इकडे-तिकडे पसरते, सॉफ्टवेअरची चूक एकाच बाजूला झुकते. माझ्या मते स्वयंचलितपणाचा खरा फायदा निष्पक्षपातीपणाचा नाहीच. फायदा हा की निर्णय लिहून ठेवावा लागतो. 'अंधार वाटीपासून इतके मिलिमीटर दूर, इतक्या रुंदीच्या कड्यात' असं कोडमध्ये लिहिल्यावर तरी त्यावर वाद घालता येतो. माउसच्या चौकोनावर कोण वाद घालणार?

फँटम निदान शांत बसतो. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत चित्राची प्रत तपासायची तर अडचण दुप्पट. चित्राची गुणवत्ता मोजायच्या नावाजलेल्या पद्धती, उदाहरणार्थ २००४ ची एसएसआयएम, मूळ निर्दोष चित्राशी तुलना करतात. पोटाच्या आतलं निर्दोष चित्र कुठून आणायचं? मूळ चित्राविना चालणाऱ्याही पद्धती आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच निसर्गातल्या फोटोंच्या सवयींवर उभ्या आहेत: झाडं, रस्ते, चेहरे यांत उजेड-सावलीची जी ठरावीक वाटणी असते, तिच्यापासून चित्र किती ढळलं ते त्या बघतात. फ्लुरोसन्सचं चित्र म्हणजे काळ्या पाटीवर एक डाग. त्या पद्धतींच्या दृष्टीने ते जन्मतःच बिघडलेलं.

म्हणून ओटीत तुकड्या-तुकड्याने राखण करावी लागते. कडा बोथट झाल्या का, म्हणजे फोकस गेला का? किती बिंदू २५५ला टेकलेत? ऊती जाळणाऱ्या कॉटरीच्या धुराने चित्र पांढुरकं झालं का? साधं रंगीत चित्र आणि वर चढवलेला हिरवा थर एकमेकांवर नीट बसलेत का, की कॅमेरा हलल्यामुळे हिरवा डाग शेजारच्या नळीवर गेलाय? यातली शेवटची चूक मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण चित्र दिसायला स्वच्छ असतं. अलीकडे सर्जननी 'चांगलं', 'वाईट' असे शेरे मारलेल्या चित्रांवर न्यूरल नेटवर्क शिकवण्याचाही मार्ग घेतला जातो. त्यात पुन्हा तेच: शेरे देणाऱ्याच्या डोळ्यात कुठला अंधार होता, ते नेटवर्क गुपचूप शिकतं. आणि एकच आकडा वाढवायचा ध्यास घेतला तर फसायला वेळ लागत नाही. चित्र थोडं गुळगुळीत केलं की खरखर कमी होते, सिग्नल-नॉइज सुधारतं, आकडा वर जातो. त्या गुळगुळीतपणात दोन मिलिमीटरची एक गाठ विरघळून जाते.

आतड्याच्या शस्त्रक्रियेत तर काळसुद्धा चित्राच्या प्रतीचा भाग होतो. रोगट तुकडा काढल्यावर दोन टोकं जोडायची असतात; टोकांना रक्त नीट पोचत नसेल तर जोड गळायची भीती. भूलतज्ज्ञ शिरेतून आयसीजी देतो आणि मिनिटाभरात निरोगी आतडं उजळत जातं, मेलेल्या भागाशी उजेडाची रेघ थांबते. तिथे शाईची खूण करून घ्यायची असते, कारण थोडं थांबलं तर रंगद्रव्य बारीक वाहिन्यांतून पलीकडे झिरपतं आणि रक्त न पोचणारा भागही उजळ दिसू लागतो. पाच मिनिटांनंतरचं चित्र जास्त उजळ, जास्त स्पष्ट आणि जास्त चुकीचं. ज्या सॉफ्टवेअरला फक्त एक फ्रेम दिलीय, ते या चित्राला वरचा नंबर देईल. म्हणून आता चमक किती यापेक्षा ती किती वेगाने चढली याचा आलेख काढण्याकडे कल आहे.

यकृताची गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण तिथे अंधार आणि उजेड यांची अदलाबदलच होते. तिची सुरुवातही गमतीची. जपानमध्ये यकृताची ताकद मोजायला शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी आयसीजी देण्याची पद्धत होतीच. ताकेआकी इशिझावा आणि सहकाऱ्यांनी ते उरलेलं रंगद्रव्य शस्त्रक्रियेच्या वेळी कॅमेऱ्याने पाहिलं आणि २००९ मध्ये दाखवून दिलं की कर्करोगाच्या गाठी त्यात उजळतात. निरोगी पेशी रंगद्रव्य पित्तात टाकून मोकळ्या होतात. यकृताच्याच पेशींपासून झालेल्या, बऱ्याचशा मूळ रूपावर राहिलेल्या गाठीत ते अडकून राहतं आणि अख्खी गाठ चमकते. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून यकृतात आलेली गाठ रंगद्रव्य घेतच नाही. तिच्याभोवती दाबल्या गेलेल्या यकृतातून पित्ताची वाट अडते, तेवढीच एक कड उजळते. मधे काळी गाठ, भोवती हिरवं कडं, ग्रहणातल्या सूर्यासारखं. सिरोसिसने आधीच खराब झालेल्या यकृतात तर आजूबाजूचं सगळंच थोडं थोडं चमकत असतं.

अशा चित्रासमोर सॉफ्टवेअरला 'गाठीची सरासरी चमक' विचारा. ते गाठीवर वर्तुळ आखेल, आत काळंच जास्त सापडेल, शेजारच्या यकृताशी भागाकार करेल आणि चित्र निकृष्ट आहे असा शेरा देईल. सर्जनने तोवर कड्याच्या थोडं बाहेरून कापायला सुरुवात केलेली असते.